पंखा बंद करणारे मामा

भर एप्रिलात, सोलापुरात, दुपारी दोन वाजता "पंखा बंद करा" म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वर पत्रा तापलेला, खाली फरशीवर पाणी शिंपडलेलं, आम्ही तिघं बनियनवर घामाघूम. आणि आमचे घरमालक खुर्चीत ताठ बसून, हातात गेमचा रिमोट धरून, कुणीतरी उठून बटण दाबायची वाट बघतायत. पंखा पुरता थांबल्याशिवाय त्यांनी एकदाही खेळायला सुरुवात केली नाही. म्हणायचे, "ह्यो मधी मधी बोलतोय. एका येळी दोघांचं कसं आयकायचं?"

गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून आम्हीही मामा म्हणायला लागलो. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं काटक, अंगात धुऊन धुऊन विरलेला पांढरा शर्ट आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. चादरीच्या कारखान्यात ते जॉबर होते. माग बिघडला की त्याला परत चालता करणारा माणूस म्हणजे जॉबर. मागांच्या खडखडाटात जन्म काढलेली माणसं पुढं पुढं ओरडून बोलतात, टीव्ही मोठा करून बसतात. मामांना मात्र शेजारच्या घरातलं कुजबुजणंही ऐकू यायचं. तरुणपणीच त्यांनी ठरवलं होतं की कान सांभाळायचे. कारखान्यात कापूस, वरातीत कापूस, गणपतीत तर कापसावरून मफलर. "पैलवान मांड्या सांभाळतो, मी कान सांभाळतो," असं ते अगदी गंभीरपणे सांगायचे.

मी बार्शीहून डिप्लोमाला आलेलो. माझ्याबरोबर वरच्या खोलीत इरण्णा, अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा, मनानं लोण्यासारखा. तिसरा फिरोज. तो सोलापूरचाच. राहायला त्याच्या घरी, पण जेवण सोडलं तर सगळा वेळ आमच्याकडं. त्याच्या मामूचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथं कुणीतरी गेमचं मशीन दुरुस्तीला टाकून गेलं आणि न्यायला परत आलंच नाही. वर्षभर वाट बघून फिरोज ते आमच्या खोलीत घेऊन आला. त्यात एकच गेम चालायचा, मारामारीचा. समोरासमोर दोन गडी, एक पडेपर्यंत.

रविवारी दुपारी आमचा आरडाओरडा ऐकून मामा पहिल्यांदा वर आले, तेव्हा आम्ही तिघं चटकन उभे राहिलो. आता खोली सोडा म्हणतील असंच वाटलं.

"बसा. काय चाललंय?"

"गेम हाय मामा," इरण्णा म्हणाला. "मारामारीचा."

मामा दारातच उभे राहिले. पाच-दहा मिनिटं झाली. मग त्यांनी डाव्या कानातला बोळा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "इरण्णा, तुजा गडी सारका मार का खातोय, ठाऊक हाय का?"

"का?"

"समोरचा लाथ मारायच्या आदी हुंकार देतोय. लई बारीक. तू नुसतं बघतोयस, आयकत न्हाईस."

फिरोज हसला. "मामू, वो म्यूजिक है."

"म्युझिक खालच्या अंगाला हाय. हुंकार वर हाय. आयक की."

आम्ही आवाज वाढवला आणि श्वास रोखून ऐकलं. खरंच होता. लाथेच्या आधी अगदी निमिषभर, कुणीतरी ओझं उचलताना काढावा तसा हुंकार. सहा महिने आम्ही तो गेम खेळत होतो आणि आमच्यापैकी एकालाही तो कधी ऐकू आला नव्हता.

त्यांच्या कानाची करामत मी नंतर कारखान्यातही पाहिली. एकदा मामींनी डबा द्यायला मला पाठवलं होतं. आत सोळा माग एकदम खडखडत होते, स्वतःचं बोलणंही कळत नव्हतं. मामा दारात उभे राहिले, एका कानातला बोळा काढला, मान तिरकी केली आणि म्हणाले, "मागच्या रांगंतला तिसरा. उद्या दुपारपत्तुर धोटा अडकणार." धोटा म्हणजे मागात इकडून तिकडं धावणारी सुताची लाकडी होडी. त्या मागावर काम करणाऱ्या ताराक्का हसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी धोटा अडकला. ताराक्कांनी मला रस्त्यात गाठून विचारलं, "तुमच्या घरमालकाच्या जिभंवर काळा तीळ हाय का, जरा बघून सांगा की."

त्या पहिल्या दुपारनंतर मामा दर रविवारी वर यायला लागले, पण दोन महिने त्यांनी रिमोटला हात लावला नाही. लोखंडी खुर्चीत बसून ते नुसतं ऐकायचे. प्रत्येक फटक्याला त्यांनी स्वतःचं नाव दिलं. जलद लाथ म्हणजे धोटा. वरून येणारा गुद्दा म्हणजे फणी, मागावर सूत ठोकणारी. आणि गड्याची खास ताकद गोळा व्हायला लागली की ते ओरडायचे, "मोटर चालू झाली, मागं सर!" मागं सरलं की खरंच वाचायला व्हायचं.

मग एका रविवारी आम्ही चहा पिऊन वर आलो तर मामा फरशीवर बसलेले, पुढं वर्तमानपत्र आणि त्यावर आमच्या रिमोटचे सतरा तुकडे.

"मामू! ये क्या किए!" फिरोजनं डोक्याला हात लावला.

"उघडून बघितल्याबिगर मी कुटल्या मशीनला हात लावत न्हाय," मामा शांतपणे म्हणाले. एकेका बटणाखालचं रबर त्यांनी बोटानं दाबून पाहिलं, फडक्यानं पुसलं, एक स्प्रिंग किंचित ताणली आणि न बघता, आमच्याशी बोलत बोलत, सगळं परत जोडलं. गेले कित्येक दिवस अडकणारं बटण लोण्यासारखं चालायला लागलं. त्या दिवशी ते पहिल्यांदा खेळले. हरले. पुढच्या रविवारीही हरले. तिसऱ्या रविवारपासून त्यांना हरवणं आम्हाला कधीतरीच जमायचं.

त्यांचं खेळणं बघण्यासारखं असे. आधी हात धुणार. पंखा बंद. फिरोजला सांगून दुकानातून दोन जुने स्पीकर आणवले होते, ते खुर्चीच्या एक डाव्या नि एक उजव्या अंगाला ठेवणार. गडी निवडताना तोंडानं मोजणार, "उजवीकडं चार, खाली एक." तिथं हातात लोखंडी साखळी घेतलेली एक बाई होती. मामा कायम तीच घ्यायचे. आणि खेळताना तोंड टीव्हीकडं नाहीच. हनुवटी खांद्याला लावून भिंतीकडं बघत बसणार. फिरोज म्हणायचा, "मामू का स्टाइल है." इरण्णानं आठवडाभर तशीच मान वाकडी करून खेळून पाहिलं आणि सगळ्यांकडून मार खाल्ला.

रविवार म्हणजे आमची जत्राच झाली. पलीकडच्या गल्लीतली पोरं मामांशी खेळायला यायची. जो हरेल त्यानं खालून घागर आणून फरशीवर पाणी मारायचं. मामी परातभर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही पाठवायच्या. मामा खेळता खेळता म्हणायचे, "फिरोज, ती तुजी तिसरी भाकरी. इरण्णाला ठिव." बघितलेलं नसायचं, कुरकुरण्यावरून मोजलेलं असायचं. त्यांच्या वयाकडं बघून कुणी मुद्दाम हरायला लागलं तर ते खेळ थांबवायचे. "हात आखडू नको. आखडलेला हात लगीच कळतो. बटण उशिरा वाजतंय."

तोवर मला वाटायचं, हा माणूस म्हणजे एक वल्ली आहे, बस.

सात रस्त्याजवळ दुसऱ्या मजल्यावर गेम खेळायचं एक नवं पार्लर निघालं आणि त्यांनी आमच्याच गेमची स्पर्धा ठेवली. फिरोजनं मामांचं नाव परस्पर देऊन टाकलं. मामा आढेवेढे घेत होते, पण त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. दारावरच्या माणसानं विचारलं, "काका, मुलाला सोडायला आलाय का?"

"व्हय. तिघांना," मामा म्हणाले.

आत अंधारं, रंगीत दिवे आणि भिंत हादरेल एवढं गाणं. मामांनी विचारलं, "जरा गाणं बारीक कराल का?"

"माहोल पाहिजे ना काका!"

समोर आली स्नेहल, इंजिनिअरिंगला असलेली नातेपुत्याची मुलगी. मामांनी मोजलं, उजवीकडं चार, खाली एक. पण तिथल्या मशीनवर मोजणी वेगळ्या घरापासून सुरू होत होती. साखळीवाल्या बाईऐवजी एक जाडा पैलवान आला. मामांना ते कळलंच नाही. खेळ सुरू झाला आणि तो पैलवान स्नेहलच्या गड्याकडं पाठ करून हवेत गुद्दे मारत राहिला. लोक हसायला लागले. "काका, इकडं! ओ काका, इकडं!" मामांची हनुवटी खांद्यावर, चेहरा भिंतीकडं, कपाळावर घाम. एसीत.

स्नेहलनं खेळणं थांबवलं. ती पडद्याकडं नाही, मामांकडं बघत होती. हळूच म्हणाली, "काका, तुमचा गडी तिकडं तोंड करून उभाय."

"तू मार," मामा म्हणाले. "थांबू नको."

तिनं दोन फटक्यांत संपवलं. मामांनी रिमोट नीट खाली ठेवला आणि म्हणाले, "चला." जिन्यात त्यांची एक पायरी चुकली. मी धरलं म्हणून पडले नाहीत.

खाली चहाच्या गाड्यावर आम्ही चौघं उभे. फिरोजनं चार चहा सांगितले. मग मामाच बोलले.

"मला मधलं दिसत न्हाय."

"म्हंजी?" मी विचारलं.

"तुज्याकडं बघितलं की तुजे कान दिसत्यात, केस दिसत्यात. मधी तोंडाच्या जागी धूर. दीड वर्स झालं. हितल्या डॉक्टरला दावलं, लग्नाचं निमित्त काढून हैदराबादला जाऊन आलो. औषध न्हाय म्हणले. हळूहळू कडाबी जाणार."

मी चहाचा ग्लास हातात धरून उभा होतो आणि गेल्या दीड वर्षातले सगळे रविवार डोळ्यांपुढून उलटे जात होते. बंद पंखा. दोन स्पीकर. मोजलेली बटणं. भिंतीकडं वळलेलं तोंड. ती ऐट नव्हती, उरलेल्या कडेनं बघायची धडपड होती.

इरण्णा ओरडला. "यप्पा! म्हंजी तुमी आमाला न बघता हरवलं?"

मामा खळखळून हसले. त्या दिवसात पहिल्यांदाच. मग गंभीर झाले. "घरात ठाऊक न्हाय. मालकालाबी न्हाय. कारखान्यात मी आवाजावर आन् हाताच्या अंदाजावर काम वढतोय. कुणाला सांगू नका."

तीन दिवस आम्ही सांगितलं नाही. इरण्णाला जेवण जाईना. चौथ्या दिवशी मामा कामावर असताना आम्ही खाली मामींकडं गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी कशीबशी सुरुवात केली, "मामी, मामांच्या डोळ्यांचं..."

"दिवाळीपासून ठाऊक हाय मला," त्या मान वर न करता म्हणाल्या. "ताटात वाटी रोज एकाच जागंला ठिवते. चपला एकाच जागंला. आन् ह्या बघा." त्यांनी हात पुढं केले. कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या. "आदी दोन-दोन हुत्या. घरात मी कुटं हाय, ते त्यांना कळाय पायजे की."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यांना लपवायचंय, तर लपवू द्यावं म्हटलं. पर कारखान्यात जात्यात तवा जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाय. मी बोलले तर मोडून पडतील. तुमी बोला. तुमी दोस्त हाय त्यांचे."

आम्ही त्यांच्या निम्म्याहून कमी वयाचे. दोस्त हा शब्द ऐकून बरंही वाटलं आणि भीतीही वाटली.

पुढच्या रविवारी आम्ही शब्द जुळवत बसलो होतो, मामा खुर्चीत, आणि जिन्यावर पावलं वाजली. मामांनी मान तिरकी केली. "कोण? नवीन पाऊल हाय."

दारात स्नेहल उभी. तिनं फिरोजला गाठून सगळं काढून घेतलं होतं. "काका, मी त्या दिवशीची. ती मॅच मला मान्य नाही. परत खेळायचंय. गाणं नाही, काही नाही."

मामांनी रिमोट हातात घेतला. मग म्हणाले, "इरण्णा, पंखा बंद कर."

पाचातले तीन जिंकायचे ठरलं. पहिल्या डावाला दहा सेकंद झाली असतील, मामांनी रिमोट मांडीवर ठेवला. "बाई, हात आखडू नको. आखडायचा असला तर जिना तितं हाय." स्नेहलचे कान लाल झाले. त्यानंतर ती जी खेळली! पहिले दोन डाव तिनं घेतले. पुढचे दोन मामांनी घेतले. शेवटच्या डावात दोघांचाही जीव बोटभर उरला, जो पुढचा फटका खाईल तो गेला. खोलीत फक्त बटणांचा आवाज. आणि मी पाहिलं, मामांनी मान सरळ केली होती आणि डोळे मिटले होते. इतके दिवस चाललेली कडेनं बघायची धडपड त्यांनी टाकून दिली होती. त्यांची साखळीवाली बाई जागच्या जागी उभी राहिली. एक क्षण, दोन क्षण. स्नेहलचा गडी उडाला, आणि तो खाली येईल नेमक्या त्याच ठिकाणी साखळी आधीच फिरली होती.

कुणी ओरडलंसुद्धा नाही. 

स्नेहलनं रिमोट खाली ठेवला आणि म्हणाली, "काका, मी उडी मारणार हे माझंच ठरलं नव्हतं."

"तुजा अंगठा बटणावरनं घसरला," मामा म्हणाले. "तवाच ठरलं."

तेवढ्यात त्यांनी दाराकडं तोंड वळवलं. मामी तिथं उभ्या होत्या, कधीच्या आल्या होत्या कोण जाणे. दोन्ही हातांनी एकमेकांवरच्या बांगड्या दाबून धरलेल्या. "तू कवा आलीस? वाजली न्हाईस," मामा म्हणाले.

"मॅच चालू हुती. धरून ठिवल्या," मामी म्हणाल्या.

मामांना कळलं. आपल्या बायकोला सगळं ठाऊक आहे, कधीपासून ठाऊक आहे, हे त्या एका वाक्यात त्यांना कळलं. त्यांनी रिमोट खाली ठेवला. मग आपणहून बोलले. "गेल्या आठवड्यात धोटा उडाला. भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. ताराक्का खाली बसली हुती. तिला लागलं का न्हाय, मला कळंना. चार पावलं चालून जवळ जाईस्तोवर मला कळंना." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तिला लागलं नव्हतं. पर ती चार पावलं मला झोपू देत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला बरोबर घेऊन कारखान्यात गेले. मालकापुढं उभं राहून, एक शब्द न लपवता, सगळं सांगितलं. मी खाली मान घालून उभा. आता काय काय ऐकून घ्यावं लागणार, असं मनात चाललेलं.

मालकांनी पुढ्यातली वही मिटली. मग म्हणाले, "दीड वर्षात एका मागाची तक्रार नाही माझ्याकडं. तुम्ही कुठं जाऊ नका. दारात खुर्ची टाकून देतो, नुसतं ऐकून सांगत जा."

हीच तर भीती होती ना, काम जाईल म्हणून? आणि आता मालक स्वतःहून राहा म्हणत होते. मला वाटलं, मामा हो म्हणणार.

"न्हाय मालक," मामा म्हणाले. "नुसतं बसणं मला जमायचं न्हाय. माग अडला की मी उठणार, हात घालणार. मागाचं सगळं मला आयकू येतं. पर माणूस पडताना आवाज करंलच असं न्हाय."

पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर ठेवलेली कापडी पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली. नवीन जॉबरला सोळाही मागांची खोड एकेक करून सांगितली, कुठला कशानं रुसतो आणि रुसण्याआधी कसा वाजतो. त्यात सगळी सकाळ गेली. ताराक्का पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या. बाहेर आल्यावर मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भर रस्त्यातून आम्ही तसेच घरी आलो. मामांना दिसत नाही हे गल्लीनं पहिल्यांदा पाहिलं, ते त्या दिवशी.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात आहे. इरण्णा अक्कलकोटला वडिलांचं दुकान बघतो, फिरोज आपल्या मामूच्या दुकानात बसतो. मामांच्या डोळ्यांच्या कडाही गेल्या. स्नेहलनं शिक्षण संपवून गाव सोडण्याआधी त्यांना नवं मशीन नेटवर जोडून दिलं. आता ते कुठकुठल्या अनोळखी माणसांशी खेळतात. समोरच्याला पत्ता नसतो की आपण कुणाकडून मार खातोय. स्नेहलही जिथं असेल तिथून रविवारी त्यांच्याशी खेळते.

गेल्या महिन्यात रविवारी मी फोन केला. मामींनी उचलला. "थांब बाबू, मॅच चालू हाय त्यांची. फोन हितंच ठिवते. आयकत बस."

मी वर्कशॉपमागच्या क्वार्टरच्या गच्चीवर होतो. फोन कानाला लावला आणि डोळे मिटले. धपाधप, खणखण, कुणाचा तरी श्वास, पावलं, परत खणखण. मी मन लावून ऐकत होतो. कोण पुढं सरतंय, कोण मार खातंय, काही म्हणजे काही समजत नव्हतं. मग सगळं एकदम शांत झालं, आणि अगदी जवळून मामांचा आवाज आला.

"आयकलंस का रं?"

"आयकलं की मामा."

"मग सांग, कोण जिंकलं?"

मी फोन कानाला आणखी घट्ट धरला, जणू अजून काही ऐकू येणार होतं.